दवाखान्याबाहेरचा दवाखाना

(स्मृती व्याख्यानमालेत मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर एकाच गल्लीत दवाखाना चालवला. त्यांच्याविषयी मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या जिभा त्यांनी पाहिल्यात. संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली. त्यांना बहुधा वाटलं असणार की बाई रोबोटच्या शस्त्रक्रियेवर बोलतील, जनुकांवर बोलतील. मी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यावर बोलणार आहे. केईएमवर नाही, नायरवर नाही. मंडईच्या माडीवर किंवा सार्वजनिक शौचालयाच्या शेजारी दोन खोल्यांत असतो ना, पिवळट भिंतींचा, बाहेर पल्स पोलिओचा जुना फलक लटकलेला, तो दवाखाना. माझी नोकरीची बरीच वर्षं तशाच खोल्यांत गेली, त्यामुळे थोडा पक्षपात होईल. तो आधीच कबूल करून टाकते.

सुरुवात मात्र मोठ्या रुग्णालयापासूनच करावी लागते. इथून परळ काही लांब नाही. एखाद्या सोमवारी सकाळी केईएमच्या केसपेपरच्या खिडकीसमोर जाऊन उभे राहा आणि रांगेतल्या माणसांना विचारा, काय होतंय? कुणाला दोन दिवस ताप आहे. कुणाची बीपीची गोळी संपलीय. कुणाला खरूज झालीय, मलम हवंय. कुणाच्या पोराला खोकला आहे. ज्या इमारतीत हृदयाच्या झडपा बदलतात, तिथे खरजेचं मलम घ्यायला माणूस गोवंडीहून, मालवणीहून येतो. का येतो? घराजवळ दवाखाना नाही म्हणून?

तसं नाही. पालिकेचे दवाखाने शहरात सुमारे पावणेदोनशे होते, आजचे नव्हेत, पूर्वीपासूनचे. पण ते उघडायचे सकाळी नऊला आणि बंद व्हायचे दुपारी चारला. आता मला सांगा, चार घरची धुणीभांडी करणारी बाई सातला निघते, ती चारला घरी असते का? नाक्यावर उभा राहणारा बिगारी नऊला कुठे असतो? त्याला दवाखाना गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मग तो म्हणतो, मजुरी बुडवायचीच आहे तर एकदाच बुडवू आणि मोठ्या डॉक्टरला दाखवू. आमच्यातले काही सहकारी याला लोकांचं अज्ञान म्हणत. मला तो हिशोब चोख वाटतो. आणि ज्याला एक दिवससुद्धा बुडवणं परवडत नाही, तो संध्याकाळी आठला गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो, एक सुई टोचून घेतो, कागदाच्या पुडीत दोन दिवसांच्या गोळ्या घेतो आणि सकाळी कामावर हजर. त्या डॉक्टरच्या पदवीची चौकशी कोण करतो? तो रात्री दहापर्यंत बसतो, एवढं पुरे असतं.

म्हणजे पन्नास-साठ वर्षं आपण एका शहराला वैद्यकीय सेवा देत होतो आणि ते शहर कामावरून किती वाजता परततं, एवढं मात्र विचारलं नव्हतं.

यात मोठ्या रुग्णालयांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. या शहराला त्यांचा अभिमान असलाच पाहिजे. गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून केईएमला जोडलेलं कॉलेज उभं राहिलं, तेव्हा अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. 1926 साली केईएमचे दरवाजे उघडले. असहकाराच्या काळात, 1921 साली राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं, ते आणि डॉ. ए. एल. नायर यांचं रुग्णालय 1946 साली पालिकेकडे आलं. शीवचं रुग्णालय 1947 साली लष्कराच्या रिकाम्या बराकींत सुरू झालं. एका नगरपालिकेने वैद्यकीय महाविद्यालयं चालवावीत, ही गोष्ट देशातल्या फार थोड्या शहरांना जमली. पण घरातला एक मुलगा फार हुशार निघाला की बाकीच्या भावंडांची वह्या-पुस्तकं त्याच्या फीपायी राहून जातात, तसं काहीसं झालं. पैसा, पदं, लक्ष, सगळं मोठ्या रुग्णालयांकडे गेलं. दवाखान्याला उरला एक डॉक्टर, एक औषधवाला, एक ड्रेसर आणि गोळ्यांचा ठरलेला साठा. डॉक्टर रजेवर गेला की दवाखाना रजेवर.

आता माझा पहिला मुद्दा. त्यासाठी 1896 पर्यंत मागे जावं लागेल, तुम्ही बरोबर याल अशी आशा आहे.

त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस नावाच्या, मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासून सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. पण त्या इतिहासात महापालिका लोकांच्या दाराशी कशी गेली, ते आज मला सांगायचं आहे. ती गेली झडतीला. रुग्ण हुडकायचा, उचलायचा, आर्थर रोडच्या रुग्णालयात टाकायचा, घरातलं सामान जाळायचं, भिंतींवर औषध फवारायचं. त्या रुग्णालयात गेलेला परत येत नाही, अशी गिरणगावात समजूत झाली. आणि ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांचा सुमारे हजारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. साथीचा कायदा 1897 चा. पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून झाला, ते शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. मुंबईत मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकर वस्तीत प्लेगच्या तपासणीवरूनच दंगल पेटली.

लोक मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. लोक रुग्णांना माळ्यावर लपवत होते, पडद्याआड लपवत होते, कारण दाराशी आलेला माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता आणि तो एकदाच येणार होता, तोही माणूस घेऊन जायला. नंतर सरकारनेच नमतं घेतलं. ज्या त्या समाजाला आपापली प्लेगची इस्पितळं काढू दिली, आपली माणसं देखभालीला ठेवू दिली, तेव्हा लोक आजाऱ्यांना घेऊन स्वतःहून बाहेर आले. याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता मार्च 1897 मध्ये गेल्या. तिथेही दवाखाना घरचा होता, मुलाचा, यशवंतचा. रुग्ण आणणाऱ्या त्या, सांभाळणारा तो.

तर माझा मुद्दा असा. वस्तीतली वैद्यकीय सेवा दोन पायांवर चालते. एक पाय दवाखान्यात, म्हणजे आलेल्याला तपासणारा. दुसरा वस्तीत, म्हणजे न आलेल्याकडे जाणारा. 1896 मध्ये आपला दुसरा पाय लाथ मारत होता. पुढे आपण तो लाथ मारायचा थांबवला, आणि बराच काळ त्याला चालायलाही शिकवलं नाही.

शिकवलं ते 1988 नंतर. जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई आणि मद्रास या दोन शहरांत लोकसंख्या प्रकल्पाचा पाचवा टप्पा आला. त्यातून झोपडपट्ट्यांत आरोग्य केंद्रं उघडली, आज ती दीडशेहून अधिक आहेत, आणि त्या केंद्रांना जोडून वस्तीतल्याच बायका नेमल्या. त्यांना आरोग्यसेविका म्हणतात. म्हणजे कागदावर आधी ‘स्वयंसेविका’ म्हटलं, ते का, ते पुढे सांगते. साधारण चार हजारांच्या आसपास आहेत त्या. तुमच्यापैकी जे सोसायटीत राहतात त्यांनी त्यांना क्वचित पाहिलं असेल. जे चाळीत किंवा झोपडपट्टीत राहतात त्यांना त्यांचा आवाजही ओळखता येतो.

काय करते ही बाई? तिच्याकडे एक जाड वही असते. गल्लीनिहाय घरं. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कितवा महिना, कुणाचं बाळ किती आठवड्यांचं, कुणाची टीबीची औषधं चालू आहेत. पोलिओच्या रविवारनंतर ती घरोघर जाते, हातात खडू. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्याच्या दारावर ‘पी’ लिहायचं, ज्या घरात एखादं जरी राहिलं तिथे फुली मारायची. मग फुलीच्या दारावर परत जायचं. संध्याकाळी जायचं, कारण दिवसा कुलूप असतं. परत कुलूप असलं तर शेजारणीला विचारायचं. शेजारीण सांगते, ते गावाला गेलेत, जौनपूरला, उरुसानंतर येतील. हेही वहीत लिहायचं. एक फुली पुसायला कधी कधी तीन आठवडे लागतात. भारत 2014 साली पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा भाषणं पुष्कळ झाली. माझ्या मते ते प्रमाणपत्र खडूने लिहिलेलं होतं.

आणि आता ‘स्वयंसेविका’ का म्हटलं, ते. कर्मचारी म्हटलं की वेतन द्यावं लागतं, भविष्यनिर्वाह निधी द्यावा लागतो, बाळंतपणाची रजा द्यावी लागते. गंमत बघा, गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या रजेसाठी भांडावं लागलं. सुरुवातीला महिन्याला काही शे रुपये मानधन होतं. ते वाढत वाढत गेलं, पण प्रत्येक वाढ आझाद मैदानावर बसून, कोर्टाच्या पायऱ्या चढून मिळवावी लागली. काही जणी याच कामात म्हाताऱ्या झाल्या आणि निवृत्त होताना त्यांच्या हातात नारळ पडला.

इथून मी थेट नोव्हेंबर 2022 मध्ये येते. तो महिना मला फार बोलका वाटतो.

त्या महिन्यात पालिकेने ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ ही योजना सुरू केली. मी निवृत्त माणूस, टीका करायची संधी सहसा सोडत नाही. पण खरं सांगते, वेळापत्रक वाचलं आणि मनापासून बरं वाटलं. सकाळी सात ते दुपारी दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा. रात्री दहा! म्हणजे अखेर कुणीतरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचं घड्याळ पाहिलं. औषधं फुकट, 147 प्रकारच्या रक्त-लघवीच्या तपासण्या फुकट, एमआरआय-सीटी स्कॅन ठरवलेल्या दरात बाहेरच्या केंद्रांवर, आणि काही ठिकाणी पॉलिक्लिनिक, जिथे कान-नाक-घशाचा, डोळ्यांचा, स्त्रीरोगांचा डॉक्टर ठरलेल्या वारी बसणार. जागा नाही म्हणून अडून राहायचं नाही, पोर्टा केबिन टाकायची. 19 जानेवारी 2023 ला पंतप्रधान येऊन एकदम वीस दवाखान्यांचं उद्घाटन करून गेले. दीड-दोन वर्षांत आकडा दोनशेच्या पुढे गेला. 1 मे 2023 पासून नाव राज्यभर, तालुक्यातालुक्यात गेलं.

दोनशे हा आकडा हवेतला नाही, हेही सांगायला हवं. 2013 च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष आहे, साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. 2011 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 1 कोटी 24 लाख. भागाकार तुम्हीच करा, अडीचशेच्या घरात येतं. म्हणजे जे करायला हवं होतं त्याच्या जवळ आपण उशिरा का होईना आलो. दिल्लीने 2015 मध्ये मोहल्ला क्लिनिक काढली तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी नाकं मुरडली होती, तीच पोर्टा केबिन आपण सात वर्षांनी आणली. आणली ते उत्तमच केलं. आरोग्यात नक्कल करायला लाजू नये.

पण त्याच नोव्हेंबरात दुसरं काय चाललं होतं?

ऑक्टोबर 2022 च्या शेवटच्या आठवड्यात गोवंडीच्या रफीनगरमध्ये लहान मुलं लागोपाठ दगावली. ताप, अंगावर पुरळ. गोवर. नोव्हेंबरभर तो एम-पूर्व वॉर्डातून इतर वॉर्डांत पसरत गेला, केंद्राचं पथक येऊन गेलं, आणि आजारी मुलं कुठे दाखल झाली? इतर ठिकाणांबरोबर कस्तुरबा रुग्णालयात. म्हणजे तेच आर्थर रोडचं रुग्णालय, 1896 चं.

गोवर हा काही नवा रोग नाही. लस नवी नाही, महागही नाही. नऊ महिने पूर्ण झाले की पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. पण हा रोग इतका झपाट्याने पसरतो की एक आजारी मूल बारा ते अठरा जणांना देऊ शकतं, आणि तो रोखायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांपर्यंत लस पोचावी लागते. ऐंशी पोचली तर आपण म्हणतो, छान काम झालं. गोवर म्हणतो, मला वीस पुरतात.

ती वीस मुलं कोण? कोविडच्या दोन वर्षांत ज्यांचे डोस चुकले ती. लॉकडाउनमध्ये गावाला जाऊन तिथेच जन्मलेली आणि परत आलेली. एकदा लस दिल्यावर रात्रभर तापाने फणफणलं आणि आईचा दुसऱ्या दिवसाचा खाडा झाला, मग तिने ठरवलं की पुन्हा नको, ती. आणि काही घरं, ज्यांना पालिकेवर विश्वासच नाही. एम-पूर्व म्हणजे देवनारचं डम्पिंग ग्राउंड जिथे आहे तो वॉर्ड. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात तो शहरात सर्वांत तळाला होता. जिथे पालिका पाण्याच्या नळाऐवजी बुलडोझर घेऊन येते, तिथे ती सुई घेऊन आल्यावर लोकांनी हसून हात पुढे करावा, ही अपेक्षा जरा जास्त नाही का?

आता सांगा, ‘आपला दवाखाना’ या मुलांचं काय करू शकत होता? रात्री दहापर्यंत उघडा राहिला तरी? हे मूल दवाखान्यात येणारच नव्हतं, कारण ते आजारीच नव्हतं. निरोगी मूल कुणी रात्री नऊला रांगेत उभं करतं का? त्याच्याकडे जावं लागतं. आणि गेलं कोण? त्याच खडूवाल्या बायका. घरोघर सर्वेक्षण, ताप-पुरळ विचारायचं, अ जीवनसत्त्वाचे डोस, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस. या लसीची एक खोड सांगते. एक कुपी दहा मुलांची. पावडर पाण्यात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून पूर्वी सिस्टर कुपी फोडायला बिचकायच्या, चार मुलं जमली तर म्हणायच्या, पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी आई येत नाही. साथीत वरून स्पष्ट सांगावं लागलं की एक मूल असलं तरी कुपी फोडा. मौलवींना विनंती केली, त्यांनी मशिदींतून आवाहन केलं. मग हळूहळू दारं उघडली. गोवर आटोक्यात आला, पण मुलं गेल्यानंतर.

तर एकाच महिन्यात एकाच पालिकेने पहिल्या पायाला नवा बूट घातला आणि दुसऱ्या पायाला ठेच लागली. केबिनचे फोटो छापून आले. वहीचा फोटो कोण छापणार?

कुणी म्हणेल, साथ ही अपवादाची गोष्ट, रोजच्या दुखण्याला केबिन पुरे. मी उलट म्हणते. रोजची दुखणीच बदलली आहेत. आमच्या वेळी दवाखान्यात खोकला, हगवण, ताप, खरूज. माणसाला त्रास व्हायचा म्हणून माणूस यायचा. आज मुंबईतल्या प्रौढांमध्ये साधारण तीनांत एकाला वाढलेला रक्तदाब आहे. रक्तदाब दुखतो का? मधुमेह सुरुवातीला दुखतो का? न दुखणाऱ्या रोगासाठी माणूस रिक्षाची रात्रपाळी सोडून येणार आहे? तो येतो एकदम अर्धांग घेऊन, आणि येतो केईएमला. म्हणून खाटेवर पडलेल्या त्या माणसाआधी दहा वर्षं त्याच्या दाराशी कुणीतरी बीपीचं यंत्र घेऊन जायला हवं होतं. आणि गोळी सुरू झाल्यावर, ती दुसऱ्या महिन्यात बंद का केली, हे विचारायला परत जायला हवं होतं. पहिली खेप कुणीही मारील. मला काळजी दुसऱ्या खेपेची वाटते.

नव्या दवाखान्यांत यातलं काय आहे? डॉक्टर बहुतेक कंत्राटी. पदव्युत्तर प्रवेश मिळाला की सोडून जाणारे तरुण. त्यांना दोष नाही, त्या वयात मीही गेलेच असते. पण रुग्णाला दर सहा महिन्यांनी नवा डॉक्टर आणि पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. जुना दवाखाना एका इमारतीत, नवी केबिन पलीकडच्या फुटपाथवर, आरोग्य केंद्र तिसरीकडे. केबिनमधल्या डॉक्टरला गल्ली माहीत नाही आणि सेविकेच्या वहीत केबिनची नोंद नाही. हे दोघं आठवड्यातून एक तास एका टेबलाशी बसले, तर खर्च किती येईल? दोन चहा.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे, याच शहरात. 1 एप्रिल 2020 ला धारावीत कोविडचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा देशभर लोकांनी हात टेकले होते. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. अंतर ठेवणार कसं? जी-उत्तर वॉर्डाने तेव्हा वाट बघत बसण्याऐवजी शोधायला सुरुवात केली. त्यातली एक चाल मला आजही फार शहाणपणाची वाटते. पालिकेने गल्लीतल्या खासगी डॉक्टरांनाच बरोबर घेतलं. पीपीई दिले, तापमापक दिले, ऑक्सिमीटर दिले. मघाशी मी ज्याला पुडीत गोळ्या देणारा म्हटलं, तोच. लोक त्याला ओळखत होते. दार ठोठावणारा ओळखीचा निघाला आणि दार उघडलं. त्याच वर्षी जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. 1896 च्या साथीत जे सरकारला दोन वर्षांनी कळलं होतं, ते 2020 मध्ये दोन आठवड्यांत कळलं. आणि साथ ओसरल्यावर ते डॉक्टर, त्या सेविका आणि पालिका यांची ती घडी आपण मोडून टाकली. तेवढी ती घडी ठेवली असती, तर 2022 चा गोवर रफीनगरच्या बाहेर पडला असता का? मला शंका आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा राजकीय आहे. अध्यक्ष महोदय चुळबुळ करतायत, पण पक्षाचं नाव घेणार नाही.

दवाखान्यात औषध नसेल तर जाब कुणाला विचारायचा? मुंबईत त्याचं उत्तर असतं, नगरसेवकाला. 227 नगरसेवक, त्यांच्या प्रभाग समित्या, सार्वजनिक आरोग्य समिती. कसेही असोत, दारावर जाऊन आरडाओरडा करता येतो. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षं प्रशासक. शहराच्या प्राथमिक आरोग्यसेवेचा सर्वांत मोठा विस्तार झाला तो नेमका याच काळात. आणि त्यावर एकही निवडून आलेलं माणूस सभागृहात प्रश्न विचारायला नव्हतं. केबिन कुठे टाकायची हे ठरवताना वस्तीला विचारलं का? रस्त्याच्या कडेला, गाड्या जातायत तिथे, कारण तिथे जागा दिसते आणि फलकही दिसतो. आतल्या गल्लीतल्या समाजमंदिराची एक खोली दोन बायकांनी सांगितली असती.

याउलट केरळमध्ये 1996 साली लोकनियोजनाची मोहीम निघाली, तेव्हा राज्याने प्राथमिक आरोग्य केंद्रं ग्रामपंचायतींच्या हवाली केली आणि नियोजनाचा मोठा निधीही दिला. जबाबदारी आणि पैसा बरोबर गेले, हे महत्त्वाचं. आपल्याकडे जबाबदारी आधी जाते, पैसा वाटेत उतरतो. केरळच्या त्या मोहिमेतून पुढे अशी गोष्ट उभी राहिली की तिथल्या पंचायतींची नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते, जखमा धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. 2008 साली राज्याने त्याचं धोरण केलं. पंचायत सदस्याला माहीत असतं आपल्या वॉर्डात किती जण अंथरुणाला आहेत. तुमच्या नगरसेवकाला विचारून बघा. तो तुम्हाला किती मतं आहेत ते सांगेल, तेही दोन-चार इकडेतिकडे.

केरळ वेगळं, मुंबई वेगळी, हे मान्य. इथली वस्ती हलती, तिथली स्थिर. आणि आता इथे एक नवीच अडचण आली आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. झोपडपट्टी उभी राहतेय, म्हणजे शब्दशः उभी, वीस-बावीस मजल्यांच्या पुनर्वसन इमारतींत. जी गल्ली सेविकेच्या पायाखाली होती ती आता लिफ्टमध्ये आहे, आणि लिफ्ट बंद आहे. खाली वॉचमन विचारतो, कुणाकडे? दारांवर ग्रिल, फुली मारायला लाकडी फळी नाही. शेजारीण सांगायची ते गावाला गेलेत, आता शेजारणीचंही दार बंद. अकराव्या मजल्यावर आजी पडून आहे, दोन वर्षं खाली उतरलेली नाही. खाली रस्त्यावर चकचकीत केबिन रात्री दहापर्यंत उघडी आहे. अंतर किती? अकरा मजले.

या इमारतींमध्ये तळमजल्यावर बालवाडीसाठी, सोसायटी कार्यालयासाठी खोल्या ठेवतात. तिथेच आठवड्यातून दोन संध्याकाळी सेविकेला बसायला टेबल-खुर्ची का मिळू नये? प्रत्येक इमारतीतली एक बाई तिच्याबरोबर का जोडू नये? आणि हे करायचं तर चार हजार पुरणार नाहीत, आणि ज्या आहेत त्यांना मानधनावर ठेवून चालणार नाही. पंचवीस वर्षं वही सांभाळणाऱ्या बाईला कायम करा, पगार द्या, निवृत्तिवेतन द्या. पैसे कुठून आणायचे, असं विचारतील. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणवून घेणाऱ्यांनी हा प्रश्न मला विचारू नये.

मला दिलेली वेळ संपत आली आहे. सभागृहात मागे, खांबाजवळ, चार-पाच आरोग्यसेविका बसल्या आहेत. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवलाय, तो मी त्यांना देते. माईक मागे न्या, आणि पहिल्यांदा नव्या केबिनविषयी त्यांना काय वाटतं ते विचारा.